शहरातल्या लोकांचा ताण मोजताना फॉर्ममधली 'पिकाचं नुकसान' ही ओळ काढली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरातल्या एका वस्तीत घरोघरी जाऊन आयुष्यातल्या घटनांमुळे येणारा ताण मोजायचाय, त्यासाठी ५१ घटनांची भारतीय यादी घेतलीय, आणि शहरात शेती नसते म्हणून 'मालमत्तेचं किंवा पिकाचं नुकसान' ही ओळ गाळून फॉर्म थोडा आखूड करावा का?

नका गाळू. बाकी काहीही गाळा, ही ओळ ठेवा. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात राहते आणि सहा वर्षं असेच फॉर्म भरत फिरले आहे, त्या अनुभवावर सांगते.

आधी यादीबद्दल. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली अमेरिकेत ४३ घटनांची यादी केली. लग्नाला एक ठरावीक वजन देऊन लोकांना विचारलं, याच्या तुलनेत बाकीच्या घटनांशी जुळवून घेणं किती जड? त्यातून जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, नाताळ १२ असे आकडे आले. वर्षभराची बेरीज ३०० च्या वर गेली की आजारपणाचा धोका जास्त, असं ते धरत. गहाण कर्जाची रक्कमसुद्धा त्यात डॉलरमध्ये होती. आपल्याकडे ती यादी तशीच चालणार नव्हती, म्हणून गुरमीत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली तुमच्या हातात आहे ती यादी केली. तिच्यात हुंड्यावरून भांडण ५१, मुलगा नसणं ५१, ज्योतिषाने सांगितलेलं भविष्यसुद्धा ५२. मुलगा नसण्याचा आकडा वाचून मला वाईट वाटतं, पण घरोघरी बसल्यावर तो खोटा आहे असं म्हणवत नाही. आणि पिकाचं नुकसान ६१. स्वतःचं मोठं आजारपण ५६, मोठं कर्ज ४९, मुलीचं किंवा बहिणीचं लग्न ४९, या सगळ्यांच्या वर. एवढी जड ओळ तुम्ही काढायला निघालात.

आता एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं सोडते.

गणपतीनंतरचे दिवस होते. एका मावशीच्या ओसरीवर बसून मी यादी वाचत होते. वर्षभरात घरात कोणी गेलं? नाही. कोणी फार आजारी? नाही. कर्ज काढलं? 'माया नावावर नाही.' भांडणतंटा? नाही. मी 'नाही'च्या चौकटीत खुणा करत गेले, खाली बेरीज शून्य लिहिली. ताणाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, 'मले का होते? मी बरी हाओ.' फॉर्म घडी करताना समोर खुंटीवर नजर गेली. एक वेसण, घुंगरांची माळ आणि झूल टांगलेली होती. झूल नवी होती, दुकानातली घडीही मोडली नव्हती. मी सहज विचारलं, 'मावशी, यंदा पोळ्याला बैल सजवला नाही का?' त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदराने झुलीवरची धूळ पुसत म्हणाल्या, 'पोयाच्या आठ रोजाआंधी गेला ना बाप्पा.'

त्यानंतर तासभर सगळं बाहेर आलं. एक बैल मेला, जोडी फुटली. डवरणीला दुसऱ्याचा बैल मागावा लागला, तो मिळेपर्यंत पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, तण माजलं. मालक रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात. त्या स्वतः तेव्हापासून नीट जेवत नव्हत्या. फॉर्म पुन्हा उघडला आणि मी अडकले. बैल कुठे लिहायचा? यादीत 'पाळीव प्राण्याचा मृत्यू' आहे, ४४. पण बैलाला पाळीव प्राणी म्हटलं असतं तर मावशींना ते समजलंही नसतं. 'मालमत्तेचं नुकसान' ६१ लिहिलं, आणि समासात पूर्ण हकीकत. तुम्हीही समास मोठा ठेवा.

आता तुमच्या कामाचा भाग. मावशींचा मुलगा नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने तिकडे कर्ज काढून नव्या बैलासाठी पैसे पाठवले, म्हणूनच 'माया नावावर नाही'. तुमचा फॉर्म त्याच्या खोलीवर गेला असता तर तुम्ही त्याला 'शहरी रहिवासी' म्हणून नोंदवलं असतं. कर्जाची एक खूण आली असती, आणि कर्ज कशाचं याचा पत्ता लागला नसता. एखाद्याने हौसेने गाडीसाठी काढलेलं कर्ज आणि हे कर्ज, दोन्हीला ४९. नागपूर, अमरावतीत राहणाऱ्या कितीतरी लोकांचं वावर अजून गावात आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, भाऊ कास्तकारी करतो. २०१७ ला बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा झोप फक्त गावातल्यांची उडाली नव्हती. त्यामुळे त्या ओळीपुढे 'स्वतःचं किंवा गावाकडच्या घरच्यांचं' एवढं जोडा आणि विचारताना थोडं थांबा. मात्र असा बदल केला हे प्रबंधात स्पष्ट लिहा, म्हणजे तुमची बेरीज दुसऱ्या अभ्यासाशी ताडून बघणाऱ्याची फसगत होणार नाही.

आकड्यांवर पूर्ण विसंबू नका, हे त्याचंच दुसरं टोक. ब्राऊन आणि हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास केला, १९७८ साली त्यावर पुस्तक आलं. त्यांनी ठरलेले आकडे बाजूला ठेवले आणि प्रत्येक घटना त्या बाईच्या परिस्थितीत किती जड, हे सविस्तर मुलाखतीतून ठरवलं. मन मोकळं करायला जवळचं माणूस आहे की नाही, याने फार फरक पडतो असं त्यांना दिसलं. तुम्हाला प्रत्येक घरी एवढा वेळ मिळणार नाही, पण 'हे कोणाशी बोललात?' हा एक प्रश्न शेवटी घाला. मला सगळ्यात खरी उत्तरं याच प्रश्नाला मिळाली.

तारखांचं म्हणाल तर 'मागच्या बारा महिन्यांत' हा शब्दप्रयोग कुणाच्या डोक्यात बसत नाही. गावात मी पोळा, दिवाळी, संक्रांत, तुरीची सोंगणी, होळी, उन्हाळ्यातली लग्नं अशा खुणांनी वर्ष मागे न्यायची. शहरात शाळेचे प्रवेश, घरभाड्याचा करार, गणपती चालतील. विसरलेल्या दोन-तीन घटना हमखास निघतात. आणि हे महत्त्वाचं आहे, कारण या यादीच्या कर्त्यांच्या मते साधारण भारतीय माणूस वर्षाला दोनेक अशा घटना फारशी तब्येत न बिघडता पचवतो. दोन कुठे आणि चार कुठे.

यादीत झोपेच्या आणि जेवणाच्या सवयीतला बदल हेही 'घटना' म्हणून आहेत, ३३ आणि २७. तुम्ही सोबत नैराश्याची प्रश्नावली भरून घेणार असाल तर तिच्यातही झोप आणि भूक विचारलेली असते. तेच दोनदा मोजलं जाईल आणि संबंध उगाच घट्ट दिसेल. या दोन ओळी वगळून एकदा वेगळी बेरीज करून बघा.

आणि एक विनंती. तुम्ही दार वाजवाल तेव्हा कोणीतरी जीव द्यायचा विचार बोलून दाखवेल. माझ्यासमोर तीन जणांनी दाखवला. तेव्हा फॉर्म बाजूला ठेवा, घाई करू नका, घरातल्या कोणाला सोबत घेता येईल ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासमोर लावून द्या, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते सर्वेक्षण सुरू करायच्या आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी पहिल्या वेळी लिहिलेलं नव्हतं, आणि त्या काकांना 'उद्या सांगते' म्हणून उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी त्यांच्या दारात होते. ते भेटले, चहा दिला. तरी तशी एक रात्र आणखी कुणाला काढायला लागू नये.