छंदघर : प्लायवुडवरची इतवारी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. गच्चीवरच्या खोलीत ८ × ४ फुटांच्या प्लायवुडवर दुसऱ्या महायुद्धातल्या नागपूर स्टेशनचं चालतं रेल्वे मॉडेल एचओ स्केलमध्ये करायचं मनात आहे. रणगाडे लादलेली लष्करी गाडी, बंगाल नागपूर रेल्वेचं (बीएनआर) गॅरट हे लांबलचक इंजिन, सगळं हवं. बाजारातले रूळ चालतील का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : गुरुजी, आधी खोली बदला. माझा पहिला लेआउट असाच गच्चीवर होता. जानेवारीत रूळ टोकाला टोक भिडवून ठोकले, मे महिन्यात त्यांचा साप झाला. खाली मांडा, आणि तिथेही सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडा.

आता रूळ. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७व्या हिश्शाएवढं. बाजारातल्या रुळाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर; ते परदेशी स्टँडर्ड गेजचं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ने भागा, १९.३ येतात. फरक डोळ्याला खुपतोच. पण आपलं अडीच फुटी नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे ८.८. एचओहून लहान अशा एन स्केलचा तयार रूळ ९चा! एवढं जुळत असताना मोठ्या स्टेशनामागे कशाला लागता? नागपुरातल्या इतवारीहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जायची ती जुनी छोटी लाइन करा. गॅरट हवंच असेल तर त्याला तुमची अख्खी गल्ली लागेल. त्यापेक्षा एनचं तयार इंजिन घ्या, वरचं कवच काढा आणि बीएनआरच्या सीसी वर्गाच्या नॅरोगेज इंजिनाचं (चाकांची मांडणी ४-६-२) कवच पुठ्ठ्यातून कापून बसवा.

रणगाडे गाळा. माझे आजोबा तेव्हा इतवारीच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांच्या तोंडी लढाई म्हणजे वाघिणींची टंचाई. छोट्या गाडीने आलेलं लाकूड धक्क्यावर पडून, आणि पुढे न्यायला मोठी वाघीणच नाही. तेच करा ना : धक्क्याच्या एका बाजूला नॅरोगेज, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजची रिकामी साइडिंग, मध्ये लाकडाच्या थप्पीवर बसलेले हमाल. साइडिंगवर काही चालवायचं नाही, त्यामुळे तिथे १९.३चा रूळ हाताने चिकटवता येईल.

साल आधी ठरवा. १९४२ धरलंत तर युद्धकाळात आलेली बाल्डविन कंपनीची अमेरिकन इंजिनं नकोत, ती त्यानंतर आली. वाघिणींवर अक्षरं बीएनआरची. मध्य रेल्वे १९५१ची. फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी मडकी हवीत. बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात टेप घेऊन जा. पायरीची उंची फोटोवरून कळत नाही. बाभळींसाठी पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाचे, शेंडे उत्तम. काळी माती दोनदा चाळा, पण त्याआधी तव्यावर भाजून घ्या. मी भाजली नव्हती, तर पावसाळ्यात भिवापूर स्टेशनातून मुंग्या निघाल्या.