‘बिलाँगिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: बाहेरून येऊन सांगलीत राहिलेल्या कुटुंबांच्या घरांतच त्यांच्या वस्तू आणि ध्वनिमुद्रित आठवणी मांडायचा एक कलाप्रयोग होणार आहे. पाट्यांवर ‘बिलाँगिंग’साठी, म्हणजे आपण इथले आहोत या भावनेसाठी, काय लिहावं: संलग्नता, आपुलकी की आपलेपणा? आणि कुटुंबांना ‘स्थलांतरित’ म्हणावं का?

संलग्नता नकोच. महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न असतं, माणूस गावाला नाही. आपुलकी गोड शब्द, पण यजमान ती दाखवतो आणि पाहुण्याला ती मिळते. तीस वर्षं राहिलेल्या माणसाला ‘आपुलकी मिळाली’ असं लिहिलं की तो अजून पाहुणाच ठरतो. आपलेपणा त्यातल्या त्यात बरा.

खरं तर मराठी हा भाव नामापेक्षा प्रत्ययांतून आणि सर्वनामांतून जास्त नेमका सांगते. ‘सांगलीतला’ म्हटलं की राहायची जागा कळते, ‘सांगलीचा’ म्हटलं की नातं. ध्वनिमुद्रणात कोणी ‘आम्ही सांगलीतले’ म्हणालं असेल तर पाटीवर त्याचं ‘सांगलीचे’ करू नका. ‘मूळचे विजापूरचे, आता इथलेच’ यातला शेवटचा ‘च’ही गाळू नका, सगळा जोर त्याच्यावर आहे.

सर्वांत जपायची जोडी म्हणजे आम्ही आणि आपण. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ त्याला आत घेतं. प्रमाण हिंदीतलं ‘हम’, कन्नडमधलं ‘नावु’ आणि इंग्रजीतलं ‘वुई’ हा भेद करत नाहीत. त्यामुळे हिंदी किंवा कन्नड ध्वनिमुद्रण मराठीत आणताना सरसकट ‘आम्ही’ पडतं आणि घरात आलेला प्रेक्षक नकळत परका होतो. अशा प्रत्येक वाक्यापाशी थांबून बोलणाऱ्यालाच विचारा: यात समोरचा धरलाय का? गुजरातीत मात्र अमे आणि आपणे असे दोन शब्द आहेत, तिथे विचारायची गरज नाही.

याच कारणाने प्रयोगाला ‘आपण कुठले?’ हे नाव सुचवतो. अनोळखी माणसाला आदराने विचारायचा हा नेहमीचा प्रश्न, तिथे ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’. पण तो ‘आपण सगळे’ असा वाचला तर विचारणारा स्वतःही त्यात येतो.

आता ‘स्थलांतरित’. शब्द चुकीचा नाही, पण सरकारी अर्जातला आहे आणि सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो. कोयना धरणामुळे ज्यांचं गाव उठलं ते विस्थापित, फाळणीत आलेले निर्वासित, ऊसतोडीला येणारे हंगामी. विटा-खानापूरकडचे देशभर पसरलेले गलाईवाले (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर) तर इथे ‘मूळचे’ आणि तिकडे ‘बाहेरचे’. ‘उपरा’ आणि ‘परप्रांतीय’ हे शब्द टोचतात. त्या माणसाने स्वतःबद्दल वापरले तरच घ्या.

पाट्यांसाठी भावनेच्या शब्दांपेक्षा घराच्या भागांची नावं जास्त कामाची. अलीगढमध्ये जन्मलेल्या चित्रकार झरीना हाश्मी यांनी 1999 मध्ये ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही 36 काष्ठमुद्रांची (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली, तीत प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द आहे. आपल्याकडे सोपा, उंबरा, माजघर, परडं आहेत. मात्र घरातली माणसं त्या जागेला जे म्हणतात तेच लिहा. ऊसतोड कुटुंब राहतं त्या जागेच्या पाटीवर ‘घर’ नको, ‘कोपी’ (त्यांची तात्पुरती झोपडी) लिहा. ते ‘घर’ म्हणतात ते गावाकडचं.