सुटलेले दाराचे पॅड : क्लिपांच्या आधी पाणी पाहा

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी मी आजही रोज वापरतो आणि नोकरीनिमित्त आठवड्यातून तीनदा त्र्यंबकेश्वरला जातो. गेल्या पावसाळ्यापासून चालकाच्या बाजूच्या दाराचे आतले पॅड खालच्या कडेला सुटले आहे. दार लावताना ते फडफडते, त्याचा कोपरा फुगला आहे आणि रेक्झिनच्या कडेतून भुसा गळतो. गॅरेजमध्ये दोनदा नव्या क्लिपा बसवून घेतल्या, त्या महिनाभरही टिकल्या नाहीत. आता पॅडमधून थेट पत्र्यात स्क्रू मारावेत असा सल्ला मिळाला आहे. तसे करावे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : स्क्रू मारून घेऊ नयेत, अशी आपणास आग्रहाची विनंती आहे. त्या पत्र्याच्या मागेच काच खाली उतरते. स्क्रू थोडा लांब निघाला तर काचेवर ओरखडा उठेल, आणि तसे झाले नाही तरी नव्याने पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला गंज धरेल. शिवाय ज्या कारणाने क्लिपा सुटल्या ते कारण जागच्या जागीच राहील. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा शब्द ‘भुसा’ हा आहे, आणि दोष कोठे आहे ते त्यावरूनच कळते.

त्या काळच्या लहान गाड्यांचे पॅड म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डवर ताणून चिकटवलेले रेक्झिन. हार्डबोर्ड हा लाकडाचा तंतुमय लगदा दाबून केलेला असल्यामुळे कोरडा असेपर्यंत तो चांगला कडक राहतो. मात्र वारंवार भिजला की फुगतो, त्याचे थर सुटतात आणि क्लिप ज्या भोकात अडकते त्याच्या कडा विरून जातात. मग नवी क्लिप कितीही चांगली असली तरी तिला धरून ठेवायला काहीच उरत नाही.

आता हे पाणी येते कोठून? काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेले असते. ते आतल्या आत खाली जाऊन दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडावे आणि पॅडपर्यंत पोहोचू नये, यासाठी पत्र्यावर प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. पॅडचे आयुष्य या कागदावर अवलंबून आहे. आपण दारात कधी स्पीकर बसवून घेतले असतील, तर तो कागद तेव्हाच कापला गेला असण्याची दाट शक्यता आहे. स्पीकर बसवताना तो फाडून फेकून दिल्याचे मी अनेक गाड्यांत पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते.

पॅड काढण्यापूर्वी काच पूर्ण वर घ्यावी. आर्मरेस्टचे आणि आतल्या कडीच्या चौकटीचे स्क्रू काढावेत. काचेच्या हँडलला मात्र स्क्रू नसतो. त्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची बारीक क्लिप असते. हँडल आणि त्यामागची चकती यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालून ती दोन्ही हातांनी घासल्यासारखी मागे-पुढे ओढली की ती क्लिप उडून बाहेर येते. ती हरवू नये म्हणून दुसऱ्या कोणाला तरी जवळ हात धरायला सांगावे. पॅडच्या कडेखाली स्वयंपाकघरातील पातळ उलथणे, टोकाला कापड गुंडाळून, नेमके क्लिपेशेजारी सरकवावे आणि एकेक क्लिप सोडवावी. मधोमध ओढल्यास उरलासुरला हार्डबोर्डही तुटेल. शेवटी लॉकच्या घुंडीवरून पॅड वर उचलून घ्यावे.

त्यानंतर प्रथम तळाची छिद्रे पाहावीत. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर त्याची बारीक पाने आत साचून चिखल झालेला आढळेल. गाडीखाली गंजरोधक थर मारून घेतला असेल तर त्यानेही छिद्रे बुजलेली असू शकतात. छिद्रे मोकळी करून दार दोन दिवस उघडे, कोरडे ठेवावे.

प्लास्टिकच्या कागदाबाबत आपल्या जिल्ह्यात एक सोय आहे. द्राक्षे आणि भाजीपाल्यामुळे शेतीचे प्लास्टिक येथे सहज मिळते. पण निवड जपून करावी. २५-३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर दारात फाटतो, आणि शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद इतका ताठ असतो की तो पत्र्याच्या उंचसखल भागावर बसत नाही. १५० ते २०० मायक्रॉनचा साधा पॉलिथीन कागद घ्यावा आणि तो ब्युटाइल टेपने, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टीने, चिकटवावा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, कारण त्यातील आम्लाने पत्रा गंजतो. कागदाची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडावी, म्हणजे कागदावरून ओघळणारे पाणी पुन्हा पोकळीतच पडेल. ही कड बाहेर राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाईल.

पॅडचा फुगलेला भाग सावलीत पूर्ण वाळवून, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दाबून ठेवावा. विरलेल्या भोकांभोवतीचा भुसा खरवडून मागच्या बाजूने पातळ अॅल्युमिनियमचा तुकडा एम-सीलने बसवावा आणि त्यात क्लिपेच्या मापाचे भोक पाडावे. हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला व कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. खालची सगळीच कड गेली असेल तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. जुने पॅड नमुना म्हणून ठेवून नवा हार्डबोर्ड कापून घ्यावा. नव्या क्लिपा मात्र सर्वांत शेवटी घ्याव्यात, आणि घेताना जुनी क्लिप दुकानात सोबत न्यावी.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत चालकाच्या पायाखालचा गालिचा पावसाळ्यात ओला राहतो. पुढच्या काचेचे रबर बदलूनही फरक पडला नाही. दाराचे पॅडही थोडे हलते. या दोन्हींचा संबंध असेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : असण्याची शक्यता मोठी आहे. पॅड काढून, दार लावून, एका व्यक्तीने बाहेरून काचेवर तांब्याने सावकाश पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आत बसून बॅटरीच्या उजेडात पाहावे. प्लास्टिकच्या कागदाच्या फाटक्या भागातून किंवा सुटलेल्या खालच्या कडेतून पाणी उंबऱ्यावर येताना दिसले, तर उपाय वर सांगितला तोच. गालिच्याखालचा नमदा वाळवून परत अंथरण्यापूर्वी तेथील पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा आणि तो कोठे मऊ लागला तर त्याचे वेल्डिंग आधी करून घ्यावे.