अ‍ॅजाइलचा खरंच फायदा होतो, की नुसत्या मीटिंग्ज वाढतात?

तुम्ही म्हणताय की महापेच्या तुमच्या ऑफिसात अ‍ॅजाइल (सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवून दाखवत जायची पद्धत) आल्यापासून मीटिंग्ज वाढल्या, डेडलाइन मात्र जागची हलली नाही. मी ऐरोलीत बरीच वर्षं टेस्टिंग करतोय, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे.

आधी क्लायंटशी करार कसला झालाय ते बघा. स्कोप (काय काय बनवायचं), तारीख आणि पैसे तिन्ही आधीच ठरले असतील तर वरून स्प्रिंट (साधारण दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे) लावून फारसं काही हाती लागत नाही. २००१ साली अमेरिकेत स्नोबर्डला १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत मिळून काम करण्याला जास्त मान आहे. आपल्याकडे करारावर सही करणारे वेगळे, स्प्रिंट ओढणारे वेगळे. क्लायंटने मध्येच बदल सांगितला की ‘आपण अ‍ॅजाइल आहोत ना’, आणि तारीख पुढे ढकला म्हटलं की करार पुढे!

फायदा नाही असं मात्र नाही. नेमकं काय हवंय हे क्लायंटलाच माहीत नसतं, तेव्हा दोन आठवड्यांनी चालता स्क्रीन दाखवला की ‘हे नको होतं’ हे तिथेच कळतं. पूर्वी ते यूएटीत (क्लायंटच्या शेवटच्या तपासणीत) कळायचं, सगळं बांधून झाल्यावर. आम्हा टेस्टरना बिल्ड (तपासायची आवृत्ती) शेवटच्या आठवड्यात मिळायचा; आता पहिल्या स्प्रिंटपासून मिळतो. पण रिग्रेशन (जुनं अजून नीट चालतंय का ही तपासणी) ऑटोमेट केलं नसेल तर दर स्प्रिंटला मागचं सगळं हाताने तपासावं लागतं. काही स्प्रिंटनंतर तेवढा वेळच उरत नाही आणि जुनी फीचर्स गुपचूप मोडायला लागतात.

डॉक्युमेंट नकोत असंही जाहीरनामा कुठे म्हणत नाही. नोटीस पीरियडवरचा माणूस गेला की त्यांची किंमत कळते.

स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) १५ मिनिटांचा, डेव्हलपरनी आपसात दिवसाचं काम जुळवण्यासाठी. मॅनेजरला हजेरी देण्यासाठी नाही. (अमेरिकेतल्या क्लायंटसाठी तो रात्री साडेआठला ठेवतात, तो तर वेगळाच छळ.)

पुढच्या प्लॅनिंगला एकच मागा: नवा बदल आत घेतला तर तेवढ्याच अंदाजाचं काम त्या रिलीजमधून बाहेर. क्लायंट कबूल झाला तर मेलवर घ्या, तोंडी नको.