तिसरा बेल्ट घेण्याआधी जुने दोन नीट बघा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या खंडवा रोडवरच्या फार्महाउसवर राइडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, तिचा डेक (ब्लेड ज्यात फिरतात तो खालचा डबा) ४२ इंची, पावसाळा लागल्यापासून डेकचा बेल्ट दोनदा गेला, दुसरा तर आठवडाभरही टिकला नाही. ओरिजिनल यायला महिना लागणार, म्हणून सियागंजच्या बाजारात त्याच लांबीचा चक्कीचा बेल्ट मिळतोय तो घालावा का?

घालू नका. आणि ओरिजिनल आला तरी आल्याआल्या चढवू नका. लागोपाठ दोन बेल्ट जातात तेव्हा दोष बेल्टच्या वाटेवर कुठेतरी असतो. तो सापडेपर्यंत कितीही महाग बेल्ट आणलात तरी त्याची तीच गत होणार.

जुने बेल्ट भंगारात दिले नसतील तर उजेडात घेऊन बसा आणि पूर्ण वेढा बोटांमधून हळूहळू फिरवा. एकाच जागी वीतभर भाग जळून खड्डा पडलेला दिसला, तर इंजिनची पुली फिरत होती आणि बेल्ट जागच्या जागी अडकला होता. म्हणजे एखादं स्पिंडल (ब्लेड फिरवणारा उभा दांडा) जाम आहे, किंवा ब्लेडमध्ये काहीतरी अडकलं होतं. दोन्ही तिरक्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर बेल्ट घसरत होता: स्प्रिंग सैल पडलीय, बेल्ट लांब आहे किंवा पुलीवर तेल-ग्रीस लागलंय. आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील तर तो उष्णतेने नाहीतर वयाने गेलाय. आणि फक्त एकाच कडेला दशा सुटल्या असतील, तर कुठली तरी पुली तिरकी उभी आहे.

तुम्ही लिहिलंय की खालच्या कडेला दशा सुटल्यात आणि ब्लेड बंद करायला लिव्हर सोडला की बेल्ट उतरतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय आयडलरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या, आर्मवर जातो. गवत दाट लागल्यावर उतरत असता तर मी स्प्रिंग बघायला सांगितली असती, खड्ड्यावरून जाताना किंवा वळताना उतरत असता तर डेक ज्या सळ्यांवर लटकतो त्या. लिव्हर सोडल्यावर बेल्ट एकदम सैल होतो, आणि त्या क्षणी पुली तिरकी असेल किंवा बेल्ट अडवून धरणारी पिन वाकलेली असेल तर तो खाचेतून बाहेर पडतोच.

आता हात घालायच्या आधी किल्ली काढा, प्लगची वायर काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. जाड हातमोजे घाला, कारण एक ब्लेड हाताने फिरवलं की बेल्टमुळे दुसरंही फिरतं. डेक सगळ्यात खालच्या उंचीवर आणला की बेल्ट ढिला पडतो. तो काढण्याआधी मोबाइलवर वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. बऱ्याच मशीनवर पायदानाखाली किंवा डेकवरच बेल्टच्या वाटेचं चित्र चिकटवलेलं असतं, पण काळ्या मातीच्या थराखाली ते दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसून बघा.

बेल्ट निघाला की आयडलरची पुली अंगठा आणि तर्जनीत धरून वर-खाली हलवा. ती अजिबात हलायला नको. दोन-तीन मिलिमीटर जरी डुगडुगली तरी चालत्या मशीनवर बेल्ट तिरका ओढला जातो. मग बोटाने एक गिरकी द्या आणि कान जवळ न्या: चांगलं बेअरिंग आवाज न करता फिरून थांबतं, गेलेलं वाळू दळल्यासारखं खरखरतं. बोट खरखर ऐकण्याआधीच ओळखतं. त्यानंतर पुली ज्या आर्मवर बसते तो आर्म स्प्रिंगविरुद्ध ओढून सोडा. तो झटकन परत यायला हवा. सावकाश आला किंवा मध्येच अडला, तर आर्मच्या बुशमध्ये (बोल्टभोवतीच्या छोट्या नळीत) गवताचा रस आणि माती मिळून घट्ट लेप बसलाय. बोल्ट काढा, बुश स्वच्छ करा, ग्रीस लावा. बुशचं भोक लंबगोल झालं असेल तर नुसत्या साफसफाईने भागणार नाही, नवं बुशच घालावं लागेल.

पुली खराब निघाली तर पुष्कळ मशीनमध्ये आत ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. ते इंदुरात कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. मात्र दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच मागा. काही आयडलरमध्ये ते पुलीतच दाबून बसवलेलं असतं, तिथे अख्खी पुली बदलावी लागते.

स्पिंडलही याच बैठकीत तपासा. प्रत्येक पुली एकेक करून हाताने फिरवा, आणि खालून ब्लेडचं टोक धरून वर-खाली हलवा. तिथे खेळ जाणवला तर बेल्ट आणण्याआधी ते बेअरिंग बदला. शेवटी पिना: बेल्ट ताणावर असताना पिन आणि बेल्टमध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटर जागा राहावी. बेल्ट उतरताना या पिना वाकतात, आणि वाकलेली पिन पुढच्या बेल्टला उतरायला वाट करून देते. माझ्या मते तुमचा दुसरा बेल्ट इतक्या लवकर गेला तो याच कारणाने.

आता चक्कीच्या बेल्टचं. दोन पुल्यांमध्ये कायम ताणून एका दिशेने धावणं हे त्याचं काम. डेकमध्ये लिव्हर असेल तर बेल्ट दर वेळी सैल होतो, घसरत-घसरत पकड घेतो, आणि सपाट आयडलरवरून उलट्या बाजूलाही वाकतो. म्हणून मोअरच्या बेल्टमध्ये बहुधा अरामिड, म्हणजे केव्हलरच्या जातीचे धागे असतात, जे जवळजवळ ताणले जात नाहीत. साध्या बेल्टचा पॉलिस्टर धागा ताणला जातो आणि पहिल्या उंच गवतातच तो घसरायला लागतो. मापातही घोळ आहे. आपल्याकडे ए-९४ लिहिलेला बेल्ट म्हणजे आतून ९४ इंच, तर मोअरच्या कंपन्या बहुतेक बाहेरची लांबी देतात, म्हणजे तोच बेल्ट तिथे ९६ इंच. रुंदीही बघा: अर्ध्या इंचाचा बेल्ट पाच-अष्टमांश इंचाच्या खाचेत घातला तर तो तळाला टेकतो. व्ही-बेल्टची पकड बाजूंवर असते, तळावर नाही. तळ चकचकीत दिसला की समजा बेल्ट तरी अरुंद आहे नाहीतर पुली झिजलीय. जुना बेल्ट मोजून नवा आणू नका, तो ताणलेला असतो. पार्ट नंबरवरूनच मागवा.

चढवताना बेल्टची निमुळती बाजू खाचेच्या पुलीत आणि सपाट पाठ सपाट आयडलरवर. पूर्ण वाटेवर बोट फिरवून कुठे पीळ तर नाही ना आणि पट्टा प्रत्येक पिनेच्या आतून गेलाय ना ते बघा. आणि कृपा करून पेचकस घालून उचकटत पुलीवर चढवू नका. मिस्त्री घाईत असंच करतात. आतले धागे तिथेच तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि दोन दिवसांनी बेल्ट खाचेत उलटा होतो. आयडलर मागे ओढून धरायला घरातलं कोणीतरी घ्या, हाताने बसतो.

मग मोकळ्या जागेवर अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर ब्लेड चालू करा, पाचेक मिनिटं फिरू द्या. मशीन उंच गवतात उभं असताना लिव्हर कधीच ओढू नका. बंद केल्यावर ब्लेड पाच सेकंदांच्या आत थांबायला हवीत. त्याहून जास्त वेळ फिरत राहिली तर बेल्ट आखूड आहे किंवा ब्रेकचं पॅड झिजलंय, आणि तसं असेपर्यंत मशीन वापरू नका.

माळव्याच्या काळ्या मातीचं मात्र दर पावसाळ्यात करावंच लागेल. ओल्या हरळीबरोबर ती डेकवर चढते, पुलीच्या झाकणाखाली वाळते आणि दगडासारखी होते. ओलं असताना कापूच नका. कापल्यावर झाकणं काढून ब्रशने झाडा. प्रेशरच्या पाण्याचा झोत स्पिंडलवर मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं. ऑक्टोबरनंतर तेच गवत सायलेन्सरजवळ वाळून पेट घेऊ शकतं, म्हणून झाडणं तेव्हाही चालू ठेवा.

एक शंका राहते. तुमच्या डेकमध्ये दोन ब्लेड एकमेकांच्या वाटेत येत असतील आणि बेल्टला दात असतील, तर वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथे ब्लेड एकमेकांशी काटकोनात लावूनच बेल्ट बसवावा लागतो. आयडलर किती हलतो आणि स्टिकरवर पार्ट नंबर काय आहे ते कळवा, पुली बदलायची की नुसतं बुश ते त्यावरून सांगता येईल.