शुल्क नेमके कोण ठरवते?

प्रश्न : आमच्या घरातील मी पहिली पदवीधर. कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवर राहते. गरीब मुलांना कॉलेजपर्यंत पोहोचता यावे यासाठी अमेरिकी काँग्रेसची निवडणूक लढवता येईल का?

उत्तर : आज नाही. काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह असलेल्या प्रतिनिधीगृहासाठी राज्यघटनेनुसार 7 वर्षांचे नागरिकत्व आणि 25 वर्षे वय लागते, आणि ग्रीन कार्डधारकाला नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठीच सामान्यतः 5 वर्षे थांबावे लागते. चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल 1982 मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत आल्या, 2000 मध्ये नागरिक झाल्या आणि आधी वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटमध्ये काम करून 2016 मध्ये काँग्रेसवर निवडून आल्या. नागरिकत्व मिळेपर्यंत प्रचारात काम करा, हवी तर देणगी द्या. मतदार म्हणून नोंदणी मात्र करू नका, कारण ती चूक पुढे नागरिकत्वाच्या आड येऊ शकते.

प्रश्न : मला नुकतेच नागरिकत्व मिळाले आहे. कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयाच्या) विश्वस्त मंडळाची निवडणूक लढवण्यात अर्थ आहे का, की ते शोभेचे पद आहे?

उत्तर : शोभेचे मुळीच नाही, पण अधिकार राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये निवडून आलेले विश्वस्त स्वतः शुल्क ठरवतात. कॅलिफोर्नियातही विश्वस्त निवडूनच येतात, परंतु तिथले प्रति युनिट (श्रेयांक) 46 डॉलरचे शुल्क राज्य विधिमंडळ ठरवते; म्हणून तेथील विश्वस्ताने शुल्ककपातीचे आश्वासन दिले, तर ते पाळणे त्याच्या हातात नसते. तरीही नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, समुपदेशकांची संख्या, विद्यापीठात बदलून जाताना श्रेयांक वाया न जाण्याची व्यवस्था या गोष्टी मंडळाच्या अंदाजपत्रकावर आणि धोरणावर अवलंबून असतात, आणि पहिल्या पिढीतला विद्यार्थी बहुधा इथेच अडतो. माझे मत विचाराल, तर सुरुवात इथूनच करावी.

प्रश्न : ‘मोफत कॉलेज’ ही घोषणा पुरेशी नाही का?

उत्तर : बारीक अक्षरे वाचा. टेनेसीने 2014 मध्ये कायदा करून कम्युनिटी कॉलेजचे शिक्षणशुल्क माफ केले. पण त्या योजनेत आधी केंद्राचे गरीब विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान वापरले जाते आणि उरलेले शुल्कच राज्य भरते. ज्याचे शुल्क पेलमधूनच भागते, त्या सर्वांत गरीब विद्यार्थ्याला राज्याकडून नवे काहीच मिळत नाही, आणि पुस्तके, प्रवास, घरभाडे यांचा खर्च तसाच राहतो. प्रचारसभेत हे समजावून सांगायला दोन मिनिटे जास्त लागतात. ती घ्यावीत.