'ध्रुवीय प्रकाश' की 'उषाप्रभा'?

ध्रुवप्रदेशांत रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाला इंग्रजीत 'ऑरोरा' म्हणतात. ऑरोरा हे रोमन लोकांच्या पहाटदेवतेचे नाव असून ते संस्कृतातील 'उषस्'शी सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून आलेले आहे, तर रुक्ष वाटणाऱ्या 'ध्रुवीय प्रकाश'ऐवजी 'उषाप्रभा' का म्हणू नये, अशी विचारणा आहे. सगोत्रतेचा मुद्दा बरोबर आहे. तरीही 'उषाप्रभा' मला स्वीकारार्ह वाटत नाही, कारण त्या शब्दाने हा सूर्याचाच उजेड असल्याचा समज होतो, आणि तो मुळातच चुकीचा आहे.

सूर्याकडून येतात ते विद्युतभारित कण. त्यांचा सतत वाहणारा प्रवाह, म्हणजे सौरवारा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रात्रीच्या बाजूस शेपटीसारखे लांबवर ताणतो. त्या शेपटीत साठलेली ऊर्जा मोकळी झाली की इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने वेगाने खाली येतात आणि विरळ हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनला धडकतात. या धडकेत मिळालेली ऊर्जा ते अणुरेणू प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. म्हणजे उजळते ती आपली हवाच. नेहमीचा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा असतो. तांबडा रंगही ऑक्सिजनचाच, पण तो बाहेर टाकायला उद्दीपित अणूला सुमारे ११० सेकंद लागतात (हिरव्याला एक सेकंदही लागत नाही) आणि तेवढ्या अवधीत दुसऱ्या कणाची टक्कर झाली तर ती ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. म्हणून तांबडा रंग २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा अतिविरळ असते, तिथेच खुलतो. खालच्या कडेची जांभळट झालर नायट्रोजनची.

'ध्रुवीय' या विशेषणाबाबत मात्र खुलासा हवा. येथे अभिप्रेत आहे तो चुंबकीय ध्रुव, आणि 'ध्रुव' म्हणजे अढळ असला तरी हा ध्रुव हळूहळू सरकत असतो. शिवाय हा प्रकाश ऐन ध्रुवावर नव्हे, तर त्याच्याभोवतीच्या कंकणाकृती पट्ट्यात सर्वाधिक दिसतो. नॉर्वेतील ट्रोम्सो याच पट्ट्याखाली येते. सौरवादळात हे कंकण विषुववृत्ताच्या दिशेने पसरते, इतके की १८५९ मध्ये तो प्रकाश क्युबातूनही दिसला होता. तरीही त्याचे नित्याचे स्थान ध्रुवप्रदेशच असल्यामुळे हे विशेषण योग्य ठरते.

लिहिताना 'उत्तर ध्रुवीय प्रकाश' आणि 'दक्षिण ध्रुवीय प्रकाश' असे एकवचनी लिहावे. 'नॉर्दर्न लाइट्स' या इंग्रजी नावाचे 'उत्तरेचे दिवे' हे शब्दशः भाषांतर टाळावे, कारण मराठीत दिवा कोणीतरी लावावा लागतो.